पानकराची बांधी शेवटी

माझे बाबा गावाचे पानकर होते. आमच्या भागात तलावाचं पाणी धानाला वाटून देणाऱ्या माणसाला पानकर म्हणतात. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारच्या कागदावर चढला, पण पाणी कोणाला आधी आणि कोणाला मागून हे गावच ठरवायचं. गावाने ठरवलेलं पानकराने पाळायचं. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या मोठ्या बांधाच्या, आतल्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचं एक दगडी बांधकाम होतं, त्याला तुडुम म्हणत. त्यात एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा खुंटा. वरचा खुंटा काढला की तिथवरचं पाणी जायचं, मग त्याखालचा. खुंटे काढायचे आणि ठोकायचे, बाबांचं काम दिसायला एवढंच होतं.

न दिसणारं काम वेगळं होतं. अश्विनात पाऊस ओढ देई, धान निसवायला, लोंब्या टाकायला येई, आणि लोक पाळीवर येऊन भांडत. कोणी शिव्या देई, कोणी हात जोडी, कोणी विडीचा कट्टा पुढे करी. बाबा शेजारच्या गवताची एक काडी तोडून तोंडात धरत आणि ती शेंड्यापासून बुडापर्यंत चावत. काडी संपेपर्यंत बोलत नसत. मग म्हणत, "तुही पाळी परवा हाये. परवा ये." समोरचा तोवर निम्मा थंड झालेला असे. गावात म्हणच पडली होती, पानकराची काडी संपू दे, मग बोल.

धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. आमची एकच मोठी बांधी पाळीच्या अगदी पायथ्याशी होती. तुडुमातून निघालेलं पाणी तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, घासून पुढे जायचं. पण रीत होती, पानकराची बांधी शेवटी. सगळ्या गावाचं झाल्यावर उरलं तर आमचं. लहानपणी मला याचा फार राग येई. एकदा मी बाबांना विचारलं, "आपल्या बांधीत काहून नाई सोडत आधी?" त्यांनी काडी घेतली. माझ्यासारख्या पोरीलाही काडीएवढा वेळ दिला, हे आज आठवतं. मग म्हणाले, "आपल्या बांधीत पानी दिसलं का लोकाइले समजते, सगळ्याइचं झालं. आधी दिसलं तं कोन इश्वास ठेवन?"

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पवनीला आत्याकडे राहून मॅट्रिक झाले. बाबा माझी पेटी डोक्यावर घेऊन अड्याळपर्यंत दीड तास चालत येत आणि बस सुटेपर्यंत उभे राहत. पुढे भंडाऱ्याला कॉलेजात विज्ञान शाखेला गेले. पानकराला सुगीत घरटी धान मिळायचं, त्या धानावर माझं शिक्षण चाललं होतं. म्हणजे ते तुडुम होतं म्हणून मी होते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, भादव्यात, एक खुंटा पाण्याने फुगून अडकला. बाबा सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून तो उचकटत होते. खुंटा एकदम सुटला, पाण्याच्या जोराने सब्बल उलटली आणि कपाळावर बसली. डाव्या भुवईच्या वर हाड आत गेलं. खाटेवर टाकून त्यांना अड्याळला नेलं, तिथून गाडीने भंडाऱ्याच्या दवाखान्यात. मी वसतिगृहातून धावत गेले. दोन दिवस ते शुद्धीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, मला नावाने हाक मारली, मायला विचारलं, "बैलाइले चारा टाकला का?" मायने तिथेच जमिनीला डोकं टेकलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे, दुसरा असता तर गेला असता. आम्ही ते खरं मानलं.

घरी आल्यावर कपाळावर चिंचोक्याएवढी खाच राहिली, बाकी सगळं जसंच्या तसं. हातपाय चालत, डोळ्यांना दिसे, बोलणं स्वच्छ. पण दिवाळीच्या सुटीत मी घरी गेले तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजीची तेरवी होती. पंगतीत बाबा बसले होते. आजीचा मुलगा वाढताना रडला, आणि बाबा हसले. हळू नाही, मोठ्याने. "म्हातारीले सहा महिने पानी नाई देल्लं अन् आता रडून रायला," असं सगळ्यांसमोर म्हणाले. खरं असेलही. पण हे वाक्य आमचे बाबा जन्मात बोलले नसते.

मग तसं रोज होऊ लागलं. भूक लागली की दुसऱ्याच्या ताटातलं उचलत. आत्याच्या सासऱ्यांना तोंडावर कंजूस म्हणाले. बैलाने पाय दिला तर त्याला काठी तुटेपर्यंत मारलं आणि पाच मिनिटांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत गाणं म्हणत बसले. मी पहिल्या वर्षाला पास झाल्याचं सांगायला गेले तेव्हा म्हणाले, "बरं. मले काय त्याचं?" आणि चुलीवरच्या भाकरीकडे बघू लागले. मी परसात जाऊन रडले. मला वाटलं, मरणाच्या दारातून परत आल्यावर माणूस कडू होत असेल. मायला वाटलं, तिचंच काही चुकलं. गावातला भगत येऊन लिंबू उतरवून गेला. लोक म्हणाले, मार लागला म्हणून सगळे जपतात, त्याने हा मातला.

माय एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "माहा नवरा मेला व. अन् मेला म्हनून रडताबी येत नाई, समोर बसून जेवते." मी तिला गप्प केलं. असं बोलू नये म्हणाले. मला ऐकवत नव्हतं म्हणून तिला बोलू दिलं नाही.

बाबांनी काडी चावणं सोडलं होतं. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

अपघाताच्या वर्षी उरलेल्या हंगामाचं पाणी दुसऱ्या एका शेतकऱ्याने वाटलं होतं. त्यांच्या सगळ्या बांध्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला होत्या, म्हणून मी त्यांना टोकावरचे काका म्हणते. पुढच्या वर्षी पानकर कोण, हे ठरवायला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पिंपळाखाली बैठक बसली. पोरं लाकडी बैल ओढत रस्त्यावरून जात होती. मी सुटीत आले होते. बाबा पाराच्या कडेला उकिडवे बसून मुरमुरे खात होते, विषय त्यांचा नसल्यासारखे.

एक जण म्हणाला, "पानकराचं डोकं ठिकानावर हाये का नाई, हे कोन सांगन?"

बायका अशा बैठकीत बोलत नसत. पण मी कॉलेजात जाणारी, म्हणून मला बाजूला उभं राहू दिलं होतं. मी पुढे झाले. म्हटलं, "त्याइलेच विचारा न. बांध्या विचारा."

लोकांनी विचारल्या. बाबांनी मुरमुरे खाता खाता सगळ्या सांगितल्या. पहिली कोणाची, मग कोणाची, कोणाला किती खुंटे, कोणाचं हलकं धान लवकर कापणीला येतं आणि कोणाचं भारी धान उशिरापर्यंत पाणी मागतं, कोणत्या धुऱ्याला उंदराचं बीळ आहे. एकाने मुद्दाम विचारलं, "तलाव आटला होता त्या साली कसं देल्लं होतं, सांग गा." त्यांनी तेही सांगितलं, त्या साली कोण रडलं होतं त्याच्यासकट. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कोणी म्हणालं, "अन् सगळ्यात शेवटी?"

"शेवटी पानकराची. हे काय विचारनं झालं? खुळे हा का?"

सगळे हसले. मीही हसले. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

टोकावरचे काका तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "याले सारं याद हाये, मी कुठं नाई म्हनतो? पन पानकराचं काम याद ठेवाचं नाई, नाई म्हनाचं हाये. हा आता कोनाले नाई म्हनते का? सांगा."

मी म्हटलं, "काका, मेंदू शाबूत नसता तर एवढं आठवलं असतं का? कॉलेजात आमाले हेच शिकवून रायले."

हे खोटं होतं. माणसाचा मेंदू आम्हाला अजून शिकवलाच नव्हता. बेडकाचा तेवढा झाला होता. पण माझ्या बोलण्यात कॉलेज आलं की गाव गप्प बसतं, हे मला ठाऊक झालं होतं. आणि पानकरी गेली तर सुगीचं धान गेलं आणि भंडारा गेलं, हेही ठाऊक होतं. मी बाबांसाठी बोलले की स्वतःसाठी, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं टाळला. आता टाळत नाही.

काका मान हलवून म्हणाले, "बरं बाई. तू शिकलेली. माह्या साऱ्या बांध्या टोकाले हायेत, म्हनून भेतो, दुसरं काय."

पानकरी बाबांकडे परत आली.

नवरात्राच्या सुमारास कॉलेजात माणसाच्या मेंदूचा धडा सुरू झाला. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी कपाटातून प्लास्टरचं मॉडेल काढलं. त्याचे भाग वेगवेगळ्या रंगांनी रंगवलेले आणि सुटे होते. तास संपल्यावर मी सरांकडे गेले. मी त्या वर्गात सर्वांत खेड्यातली, इंग्रजीला घाबरणारी. सर मला संध्याकाळी थांबवून एकेक परिच्छेद समजावून देत. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मी आनंदाने त्यांना बैठकीची सगळी हकीकत सांगितली. बाबांना डोक्याला केवढा मार लागला होता आणि तरी त्यांनी सगळं गाव कसं पाठ म्हणून दाखवलं.

सरांनी विचारलं, "मार कुठे लागला होता?"

मी भुवईच्या वर बोट ठेवलं.

त्यांनी मॉडेलचा पुढचा, कपाळामागचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. बाकीचं मॉडेल टेबलावर तसंच उभं राहिलं. मग ते सावकाश बोलू लागले. "मी डॉक्टर नाही, पुस्तकात वाचलंय ते सांगतो. हा भाग दुखावला तर माणूस नाव विसरत नाही, गाव विसरत नाही. जुनं आठवायला मागचे, बाजूचे पुष्कळ भाग असतात. राग, भूक, भीती खोलवरून, या आतल्या भागांतून येते, ती तशीच येत राहते. पण आलेलं अडवून धरायचं, उद्या काय होईल ते आज बघायचं, दुसऱ्याला काय वाटेल ते ओळखायचं, यात या तुकड्याचा वाटा मोठा. हा बिघडलेल्या माणसाला नियम विचार, तो नियम बरोबर सांगेल. फक्त त्याचा हात नियमापाशी थांबणार नाही."

मी तो तुकडा बोटांत फिरवून पाहत होते.

"तू त्यांना काय विचारलंस?" सरांनी विचारलं.

"बांध्यांचा क्रम."

"म्हणजे पाठांतर घेतलंस," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "आपल्याकडे सगळ्यांचं तेच घेतात. आता त्यांच्याकडे काम काय आहे?"

पहिलीपासून मी पाठांतरावर पास होत आले होते. पाढे, कविता, सनावळी, बेडकाच्या शिरांची नावं. ज्याला आठवतं तो हुशार, ज्याला आठवत नाही तो ढ, एवढंच मला शाळेने शिकवलं होतं. माझी परीक्षा जशी घेतली गेली तशी मी बाबांची घेतली. आणि एक निरक्षर शेतकरी पिंपळाखाली मला बरोबर प्रश्न सांगत होता, त्याचं तोंड मी कॉलेजच्या नावाने बंद केलं.

सर म्हणाले, "जा. तास बुडाले तर बुडू दे."

अड्याळला बसमधून उतरले तेव्हा दुपार कलली होती. आठवड्यापासून पाऊस नव्हता. दीड तासाची वाट मी बहुतेक पळत काढली. कालव्याच्या टोकाकडून गावात शिरताना काकांच्या बांध्या लागल्या. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. भारी धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या आधीच, येऊन थांबलेलं, पानं सुरळी झालेली. आणि लांबून, तलावाकडून, पाणी पडल्याचा आवाज येत होता. दुसरा कुठला आवाज असावा म्हणून मी देवाचा धावा केला, हे विज्ञानाची विद्यार्थिनी असून सांगते.

पाळीवर बाबा तीन जवान पोरांच्या घोळक्यात बसले होते. एक जण दंडारीच्या खेळातल्या सोंगाड्याची नक्कल करत होता आणि बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. नक्कल करणाऱ्याच्या बांधीत पाणी चाललं होतं. पाच-सहा दिवस हेच चाललं होतं, हे मला मागून कळलं. ज्याने हसवलं त्याला पाणी, ज्याने विडी दिली त्याला पाणी, जो शेवटी येऊन ओरडला त्याला पाणी. खालचे सगळे खुंटे निघालेले होते. आमची बांधी काठोकाठ भरून धुऱ्यावरून नाल्यात वाहत होती.

मी ओरडले, "बाबा, खुंटे ठोका."

"ठोकतो न." ते उठले नाहीत.

"आपल्या बांधीत काहून सोडलं पानी?"

"जवळ होती."

"पानकराची बांधी कधी?"

"शेवटी," त्यांनी ताबडतोब सांगितलं, शाळेतल्या पोरासारखं.

"मग?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लपवणं नव्हतं, लाज नव्हती, काही नव्हतं. "मग काय? पानी तं गेलं," ते म्हणाले आणि पुन्हा त्या सोंगाड्याकडे वळले.

मी लुगड्याचा काचा मारून तुडुमाच्या पायऱ्या उतरले. बाईमाणूस तिथे कधी उतरलं नव्हतं. छातीएवढ्या पाण्यात खुंटा भोकाला लावायचे आणि ओढ तो माझ्या हातातून हिसकून न्यायची. पोरं वरून बघत राहिली. तितक्यात टोकावरचे काका ठोकायची लाकडी मोगरी घेऊन धावत आले. माझी पळापळ त्यांनी आपल्या शेतातून पाहिली असावी. त्यांनी खुंटा धरला, मी मोगरी मारली, मग मी धरला, त्यांनी मारली. शेवटचा खुंटा बसल्यावर आवाज थांबला. तुडुमापाशी आम्ही उभे होतो तेवढं डबकं उरलं होतं, बाकी तलावात तळाचा चिखल.

काका पायरीवर बसून धापा टाकत म्हणाले, "आता काय शिकवून रायले कॉलेजात, बाई?"

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. त्यांनी पाय ओढून घेतला. "माह्या पायाचं काय करतं? त्याच्याकडं बघ, तुह्या बापाकडं." मी वर पाहिलं. बाबा घराकडे निघाले होते, जेवणाची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बैठक बोलवायला सांगितलं. त्याच पिंपळाखाली उभं राहून म्हटलं, "माझी चूक झाली. बाबांकडून पानकरी काढून घ्या. आजच."

एक जण म्हणाला, "तो बेइमान झाला म्हनून काढाची का येडा झाला म्हनून? एक काहीतरी सांग."

गावाकडे दोनच शब्द होते. मी म्हटलं, दोन्ही नाही. कपाळावर बोट ठेवून सांगायचा प्रयत्न केला, की इथे, आत, थांबायची जागा असते आणि ती जागा मोडली आहे. आठवण दुसरीकडे असते, ती शाबूत आहे. लोक ऐकत होते. मग एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "मानसाची दानत डोक्यात रायते का, पोरी? त्याच्यावर सब्बल पडली का जाते?"

मी "हो" म्हटलं. आणि तो "हो" मलाच परत ऐकू आला. ज्या माणसाला मी देवासारखं मानलं, त्याचं मोठेपण मुठीएवढ्या मांसात होतं? मग ते त्यांचं होतं की मांसाचं? आणि माझं काय, माझी माया, माझी कृतज्ञता, तीही कुठल्या तरी तुकड्यात, कुठल्या तरी सब्बलीची वाट बघत? पुढे शिक्षिका होऊन मी चाळीस वर्षं मुलांना मेंदूचा धडा शिकवला. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला "हो"च्या पुढे मला जाता आलेलं नाही.

पानकरी काकांकडे गेली. गावाने मोठ्याने बाबांना तसं सांगितलं. जुने बाबा त्या शब्दांनी मेले असते. मी आणि माय त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. निदान चेहरा पडावा, एवढंच मागत होतो. बाबा म्हणाले, "बरं झालं. पानी लय थंडं रायते सकाळी."

माय उठून घरी गेली आणि दोन दिवस चूल पेटली नाही.

सरांनी नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. मी आणि माय बाबांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी खाचेवरून बोट फिरवलं, पाढे म्हणायला लावले नाहीत, बरंच काही वेगळंच विचारलं. मग आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. वर्षभरात जे परत आलं नाही ते बहुतेक येणार नाही. सांभाळा, रागावू नका, ते मुद्दाम करत नाहीत. मायने सगळं ऐकून एकच विचारलं, "डॉक्टर, मले वळखते. मंग माया काहून नाई करत?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, समजावून सांगा त्यांना." परतीच्या बसमध्ये अड्याळ येईपर्यंत मी शब्द शोधत होते.

काकांनी उरलेलं डबकं वाटीने वाटावं तसं वाटलं. वरच्या बांध्या वाचल्या. मधल्यांना निम्मं आलं. टोकावरच्या लोंब्या उभ्याच राहिल्या, सरळ, हलक्या, पोचट. भरलेली लोंबी वाकते, ह्या वाकल्याच नाहीत. आणि पाळीच्या पायथ्याशी आमची बांधी सोन्यासारखी पिवळी होऊन ओणवली. येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचा आणि मग आमच्या घराकडे. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मायने कापणीला मजूर लावला नाही. मी सुटी घेऊन आले, आणि आम्ही दोघींनी बांधी कापली. भारे बांधून झाल्यावर मला वाटलं ती खळ्यावर न्यायला सांगेल. तिने बैलबंडी गावाकडे वळवली आणि बाबांना पुढे चालायला लावलं. म्हणाली, "अवो, पान्याच्या पाळीनं घरं सांगा. ज्याइचं गेलं त्याइचीच."

बाबांना ते आवडलं. ते उत्साहाने पुढे चालू लागले. हा, मग तो, मग त्याच्या पलीकडचा. एकही घर चुकलं नाही. कोणाच्या किती बांध्या सुकल्या हेही त्यांना पक्कं माहीत होतं, ते दारात उभं राहून मोठ्याने सांगत, आणि माय तेवढे भारे उतरवून ठेवी. काहींनी घेतले नाहीत. एका घरातल्या बाईने मायचा हात धरला, "वहिनी, हे नोको," म्हणाली. मायने हात सोडवून घेतला आणि भारा उंबऱ्याशी ठेवला. एकाने दार लावून घेतलं. भारा दारातच राहिला.

शेवटचं घर काकांचं. तिथे सर्वांत जास्त भारे उतरले, बंडी रिकामी झाली. काका ओसरीवर उभे होते. त्यांनी भाऱ्यांकडे पाहिलं नाही. बाबांकडे पाहून म्हणाले, "बस गा पानकर, च्या घे." गावात त्यांना आता कोणी पानकर म्हणत नव्हतं. बाबा बसले, बशीतून चहा प्याले, दुसरा मागितला, तोही प्याले. मी पुढे पदवीधर झाले ती सरांनी प्रयोगशाळेत मला काम मिळवून दिलं म्हणून, आणि बाबा पुढची नऊ वर्षं जगले ती काकांनी त्यांना रोज पाळीवर सोबत नेऊन बसवलं म्हणून. माझ्या त्या परीक्षेचा विषय काकांनी पुन्हा कधी काढला नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा बंडीत काही नव्हतं. मायने बैल सोडले. अंगणात उभी राहून तिने बाबांना विचारलं, "आता कोनाची पाळी?"

"आता पानकराची," बाबा म्हणाले. त्यांनी रिकाम्या बंडीत वाकून पाहिलं. तळाशी धानाची एक काडी अडकलेली होती. ती त्यांनी उचलली, दोन बोटांत फिरवली आणि शेंड्याकडून तोंडात धरली.

मायने माझं मनगट पकडलं. आम्ही दोघी हललो नाही. बाबा काडी चावू लागले. एकदा, दोनदा. त्यांचे डोळे तलावाच्या दिशेला होते, आणि मला शपथेवर सांगावंसं वाटलं की ते विचार करत आहेत.

मग त्यांनी ती थुंकून टाकली.

"भाजी काय केली?" ते म्हणाले.

मायने माझं मनगट सोडलं आणि चूल पेटवायला आत गेली.